भिंतीमागं बसलेली माणसं

सर स्वतःच्या घरातल्या रिकाम्या खोलीत शिरतानासुद्धा आधी दार वाजवायचे. बोटाच्या पेरानं दोनदा टकटक, मग मान किंचित कलती करून थांबायचं, आणि आतून काही आलं नाही की दार ढकलायचं. स्वयंपाकघर असो, न्हाणीघर असो, अंगणातली अडगळीची खोली असो. मी त्यांच्याकडे भाड्यानं राहायला आले, त्या पहिल्या दुपारी मला माझी खोली दाखवतानाही त्यांनी तेच केलं. खोली महिनाभर बंद होती. कुलूप त्यांनी आमच्यासमोर काढलं होतं. तरी दार वाजवलं आणि थांबले.

"आत कोनी हाय काय सर?" माझ्या बाबांनी विचारलं.

"आता नाही," सर म्हणाले आणि आत गेले.

परतीच्या एसटीत बसताना बाबा मला म्हणाले, "मानूस चांगला वाटते. पन दाराले आतून कडी लावत जाजो."

अकोल्याकडच्या आमच्या खेड्यातून मी अमरावतीला स्पर्धा परीक्षेच्या क्लाससाठी आले होते. सर ख्रिस्ती, मिशनच्या शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालेले. लग्न केलेलं नव्हतं. घरात ते आणि त्यांची थोरली बहीण. तिला अख्खी गल्ली आत्या म्हणायची, मीही म्हणू लागले. सर उंच, काटकुळे, कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहिलेली पऱ्हाटी असते तसे. शर्टाची वरची गुंडी भर उन्हाळ्यातही लावलेली. आवाज एवढा हळू, की ऐकणाऱ्याला त्यांच्याकडे वाकावं लागे.

ते खोटं बोलत नसत. असं पुष्कळांबद्दल म्हणतात, पण सरांचं खरं बोलणं हा गल्लीला त्रास होता. शेजारच्या घरी पाहुणे मुलगी बघायला आले होते. चहा झाल्यावर त्यातला एक जण रीतीप्रमाणे शेजारी चौकशीला आला. सरांनी त्याला बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "पोरगी लय हुशार हाय. पन तिले हे लग्न करायचं नाही. परवा गच्चीवर बसून रडून राह्यली होती." लग्न मोडलं. ते शेजारी दोन वर्षं सरांशी बोलले नाहीत. आत्यानं त्या दिवसापासून घरात नियमच केला, की दारावर कोणी काही विचारायला आलं तर सरांनी पुढं जायचं नाही.

"याले दारात उभं करनं म्हंजे घरच उघडं टाकनं हाय," आत्या म्हणायची.

दुसरी एक गोष्ट त्यांच्यात होती, ती मात्र मला सुरुवातीपासून भिववायची. बंद दारामागं माणूस आहे की नाही, हे त्यांना कळायचं.

एकदा दुपारी त्यांच्याबरोबर भाजी घेऊन येत होते. चैत्राचं ऊन, गल्लीत चिटपाखरू नाही. एका घराला बाहेरून कुलूप होतं. ते लोक कौंडण्यपूरला देवीच्या दर्शनाला गेल्याचं सगळ्यांना ठाऊक होतं. सर त्या दारापाशी थांबले. पिशवी खाली ठेवली.

"या घरात मानूस हाय."

"सर, कुलूप हाय न."

"कुलूप बाहेरून हाय," ते म्हणाले, आणि दार वाजवलं. दोनदा. आतून काहीच आलं नाही. आम्ही तिथं पाच-सात मिनिटं उभे होतो. माझ्या पाठीवरून घाम उतरत होता, तरी अंगावर काटा होता. मग सर घरी गेले, तांब्याभर पाणी आणि फडक्यात बांधलेल्या दोन पोळ्या घेऊन आले आणि खिडकीच्या फटीतून तांब्या आत धरला. मला म्हणायचं होतं, की सर चला, लोक पाहतील. तेवढ्यात आतून एक हात आला. नुसता हात. सुरकुतलेला, पांढरी लव असलेला. त्यानं तांब्या घेतला.

त्या घरातल्या म्हाताऱ्या बापाला, भटकून हरवू नये म्हणून, पोरं आत ठेवून गेली होती. ती परत येईपर्यंत सर रोज दोन वेळा त्या खिडकीशी जाऊन बसायचे. म्हाताऱ्याशी काय बोलायचे कोण जाणे. पोरं आल्यावर त्यांना एवढंच म्हणाले, "पुढच्या खेपेले चाबी माह्याजवळ देऊन जाजा."

नाटकाकडे येते. सरांना कोणी वेडं म्हणायचं ते मुख्यतः नाटकापायी.

त्यांच्याकडे परदेशातल्या नाटकांच्या डिस्क होत्या, पुढं मोबाइलवरही सापडू लागल्या. सगळी एकाच तऱ्हेची. महायुद्धाचा काळ, युरोपातलं एखादं गाव, एक साधं ख्रिस्ती कुटुंब, आणि त्या कुटुंबानं घरात लपवलेले यहुदी लोक. तिकडच्या चर्चमधली माणसं ही नाटकं करतात आणि मागं एक कॅमेरा ठेवून चित्रित करतात. पुढच्या रांगांतली डोकी दिसतात, मधेच कोणी उठून जाताना दिसतं. मला ती कंटाळवाणी वाटायची. मी एकदा म्हटलं, "सर, याच गोष्टीवरचे चांगले सिनेमे असतील न? ते काहून नाही पाहत?"

"सिनेमात कॅमेरा भिंतीमागं जाते," सर म्हणाले. "लपलेली मानसं दाखवून देते. मंग लपवलं काय? या नाटकात कॅमेऱ्याले तिकडं जाता येत नाही. जे घरात घुसले त्या शिपायांले जेवढं दिसते, तेवढंच आपल्याले दिसते."

दुपारी पडदे ओढून, आवाज बंद करून ते ही नाटकं पाहत. नट काय करतात याकडे त्यांचं लक्ष नसे. ते मागच्या कपाटाकडे, फळ्यांकडे, भिंतीकडे बघत बसायचे. मधेच चित्र थांबवायचे.

"इथं पाह्य. या भिंतीमागं कोनी नाही. ते लोक विंगेत जाऊन च्या पिऊन राह्यले." दुसऱ्या एखाद्या नाटकाला म्हणायचे, "हे खरं हाय. तिघं हायत. एक जन डाव्या अंगाले टेकून बसला."

पडद्यावर असायचं नुसतं रंगवलेलं लाकूड. पण अशा पाच-सात दुपारी गेल्यावर मलाही त्या लाकडाकडे बघताना मान अवघडल्यासारखी व्हायची, पलीकडून कोणी आपल्याकडे बघत असल्यासारखी. मग मी अभ्यासाचं निमित्त काढून उठून जायचे.

सरांनी स्वतःही तसंच एक नाटक लिहिलं होतं. पाव भाजणाऱ्याचं कुटुंब, त्यानं पिठाच्या कोठीमागं लपवलेले चौघं यहुदी, आणि झडतीला आलेले शिपाई. दरवर्षी गुड फ्रायडेच्या आधीच्या रविवारी, दुपारी तीन वाजता, चर्चच्या हॉलमध्ये ते व्हायचं. लग्नाचं शूटिंग करणारा एक ओळखीचा माणूस मागं तिपाईवर कॅमेरा लावायचा. सुरू केला की नाटक संपेपर्यंत त्याला हात लावायचा नाही, ही सरांची ताकीद. मग ते चित्रण वऱ्हाडातल्या चर्चमध्ये पाठवायचे. कोणी पाहत असे की नाही, देव जाणे.

लपणाऱ्या चौघांत मला घेतलं, कारण आदल्या वर्षीच्या मुलीचं लग्न झालं होतं. "तुले अभिनय नाही करायचा," सर म्हणाले. "तुले फक्त तिथं असायचं हाय."

तालीम म्हणजे बसणं. रंगमंचाच्या मागच्या बाजूला प्लायवुडची भिंत होती, तिच्यावर फळ्या आणि पिठाचे डबे रंगवलेले. ती आणि हॉलची खरी विटांची भिंत यांच्यामध्ये दोन हातांची पोकळी. पहिल्या प्रवेशात आम्ही चौघं फळीचं चोरदार उघडून आत जायचो आणि नाटक संपेपर्यंत, दीड तास, तिथंच बसायचो. अंधारात, सतरंजीवर, गुडघे पोटाशी घेऊन. पंखा नाही, मोबाइल नाही. खोकला आला तर तोंडात धरायला खडीसाखर. सगळ्यात धाकटी म्हणून मी पहिली शिरायची आणि टोकाला बसायची. माझ्यापलीकडे हातभर जागा, मग हॉलचं मागचं दार. त्याला वर्षानुवर्षं बाहेरून कुलूप. माझ्या अलीकडे एक निवृत्त नर्सबाई, आणि त्यांच्यापलीकडे पोस्टातले एक काका-काकू.

नाटक संपल्यावरही आम्ही बाहेर यायचं नाही. टाळ्या होतील, लोक जातील, हॉल रिकामा झाला की मग निघायचं.

"काहून सर? आमाले धड कोनी पाह्यलंच नाही तं आमी केलं काय?" काकूंनी एकदा विचारलं होतं.

"लपलेली मानसं नमस्कार करायले नाही येत," सर म्हणाले.

त्या नाटकात एक जागा कोरी होती. पाववाल्याचं काम सर स्वतः करायचे. शिपाई घरात शिरतो आणि विचारतो, "घरात आणखी कोणी आहे का?" त्यावर पाववाला काय म्हणतो, हे संहितेत लिहिलेलंच नव्हतं. दरवर्षी सर वेगळं काही करायचे. एका वर्षी स्तोत्रातली ओळ म्हणाले. एका वर्षी "तुम्हीच बघा" म्हणून बाजूला झाले. एका वर्षी नुसते उभे राहिले, मिनिटभर, इतके की लोक चुळबुळ करायला लागले. पण "नाही" ते कधीच म्हणाले नव्हते. त्यांना नाटकातसुद्धा खोटं बोलता येत नव्हतं. भिंतीमागं बसलेल्या आम्हाला ते काय म्हणतील याचा पत्ता नसे, आणि त्या क्षणाला, नाटक आहे हे माहीत असूनही, चौघांचे श्वास थांबत.

मी त्यांना विचारलं होतं, की हे नाटक ते एवढं धरून का बसलेत.

त्यांनी हातातली संहिता मिटली. मग म्हणाले, "माह्या दारात येऊन कोनी तसं इचारलं तं मी काय म्हनीन, हे मले मालूम नाही. सत्तरी आली, अजून मालूम नाही."

माझं तिथलं दुसरं वर्ष. त्या रविवारी ऊन इतकं होतं, की हॉलच्या पायऱ्यांवर चप्पल काढून पाय ठेवता येत नव्हता. आत ऐंशी-नव्वद माणसं. शूटिंगमध्ये आवाज येतो म्हणून कूलर बंद. पुढच्या रांगेत बसून आम्हाला खुणा करणारी आत्या त्या दिवशी दिसली नाही. मला वाटलं, उन्हाचा त्रास झाला असेल.

पहिला प्रवेश झाला. मी चोरदारातून आत शिरले, अंधारात चाचपडत टोकाला गेले आणि माझ्या जागेवर बसले. नर्सबाई आल्या, काका-काकू आले, चोरदार लागलं. मी पाठ टेकली आणि उजवा खांदा सैल सोडला.

तो कोणाच्या तरी खांद्याला लागला.

डाव्या बाजूला नर्सबाई होत्या, त्यांच्या पावडरचा वास मला ओळखीचा होता. उजवीकडे कोणी असायला नको होतं. मी हलले नाही. खरं सांगायचं तर हलता आलं नाही. मान वळवली तरी दिसणार काही नव्हतं. मी ऐकू लागले. समोरून संवाद येत होते, आणि माझ्या उजव्या कानाशी एक श्वास होता, बारीक, तुटक, दाबून धरलेला. ते पडद्यावरचं रंगवलेलं लाकूड आणि सरांचं "तिघं हायत, चौघं हायत" मला आठवलं. मनात आलं, की इतकी वर्षं हा माणूस या भिंतीमागं कोणाला तरी बोलावतोय, आणि आता ते आलं आहे.

मग वास आला. ओल्या मेंदीचा. पाठोपाठ माझ्या हातावर एक हात आला. गार, तळव्यावर मेंदीचा सुकत आलेला पापुद्रा. मनगटाला काहीतरी गुंडाळलेलं होतं. मी बोटानं चाचपलं. बांगड्या होत्या. वाजू नयेत म्हणून रुमालानं घट्ट बांधलेल्या.

तेव्हा माझी भीती गेली असं म्हणता येणार नाही. ती बदलली. आधी मी त्या हाताला भीत होते. आता मी त्या हाताबरोबर भीत होते. मी तोंडातली खडीसाखर तिच्या तळव्यावर ठेवायला निघाले होते, मग भान आलं आणि मुठीतला दुसरा खडा दिला.

झडतीचा प्रवेश आला. बुटांचे आवाज. शिपायाचं काम करणाऱ्यानं विचारलं, "घरात आणखी कोणी आहे का?"

सर गप्प. नेहमीसारखे. एक, दोन, तीन. आणि त्या शांततेत आणखी एक आवाज आला, तो रंगमंचावरचा नव्हता. खालून, अगदी पुढून, बसलेल्या घशाचा.

"सर, आमची पोट्टी इथं हाय काय?"

हातातला हात दगड झाला. हॉलमध्ये कोणी हललं नाही. लोकांना वाटलं, यंदा शिपाई प्रेक्षकांतून आणलेत. मला मात्र ऐकून कळलं, की हा माणूस पाठ करून बोलत नाही. मी वाट बघू लागले. सर खोटं बोलत नाहीत, हे अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. विचारणाऱ्यालाही ठाऊक असणार, म्हणून तर तो सगळ्यांसमोर विचारत होता.

"नाई," सर म्हणाले.

रंगमंचावर ते शुद्ध बोलायचे, चर्चमधल्यासारखं. हे "नाई" घरातलं होतं. भाजीत मीठ आहे का म्हटल्यावर म्हणावं तसं, सपाट. त्यात कंप नव्हता, घाई नव्हती. क्षणभर माझाच विश्वास बसला आणि मी उजवीकडचा हात घट्ट धरून पाहिला, आहे ना म्हणून.

खाली खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. पावलं दाराकडे गेली. नाटक पुढं चाललं. शेवटच्या गीताला सगळा हॉल उभा राहून गाऊ लागला, तेव्हा माझ्या हातातून तो हात सुटला. उजवीकडे उजेडाची एक उभी रेघ उमटली, इतकी पांढरी की डोळे दिपले. दुसऱ्या क्षणी अंधार. हातभर जागा रिकामी.

हॉल रिकामा झाल्यावर आम्ही बाहेर आलो. मी मागच्या बाजूला जाऊन बघितलं. दाराला कुलूप होतं, नेहमीसारखं, गंजलेलं. सर वायरी गुंडाळत होते.

"सर, आत पाचवी कोन होती?"

त्यांनी वायरीवरून नजर काढली नाही. "चौघं होता तुमी."

मी नर्सबाईंकडे पाहिलं. त्या पदरानं मान पुसत म्हणाल्या, "मले काही मालूम नाही बाई. माहे गुडघेच दुखून राह्यले होते."

संध्याकाळच्या आत गल्लीत सगळं कळलं. शहराबाहेर फुलशेती करणारं एक कुटुंब होतं. त्यांची मुलगी शाळेत असताना सरांकडे इंग्रजी शिकायला यायची. दोन दिवसांवर तिचं लग्न होतं. मेंदीच्या हातांनी ती घरातून निघून गेली होती. तिला दुसऱ्याच एकाशी लग्न करायचं होतं. तो आमच्यातला, बौद्ध, एका तालुक्याच्या गावी नोकरीला. घरच्यांचं आधी एकदा तिला त्याच्यापायी कोंडून, मारून झालं होतं. हॉलमध्ये उभा राहिलेला तो तिचा भाऊ.

तो दोन काकांना घेऊन घरीही आला. सरांनी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "दार वाजवून आत जाजा." आणि ती तीन धिप्पाड माणसं, संतापानं लाल झालेली, प्रत्येक खोलीचं दार वाजवून थांबत होती. माझ्या खोलीचं भावानं वाजवलं. मी उघडलं. त्याचे डोळे रडून सुजले होते. त्यानं पलंगाखाली बघितलं, कपाट उघडलं, आणि माझ्याकडे न बघता "माफ करजा ताई" म्हणून गेला. मी उजवा हात पाठीमागं धरला होता. त्याला मेंदीचा वास येत होता.

पुढच्या वर्षी हॉल मिळाला नाही. दुरुस्ती काढली आहे, असं सांगितलं गेलं. दुरुस्ती कधी दिसली नाही. चर्चमधली माणसं सरांशी जपून बोलू लागली. आपल्याला याच गावात राहायचं आहे, असं त्यातल्या एकानं मला समजावलं, आणि त्याचं सगळंच चूक होतं असं मला म्हणता येत नाही. प्लायवुडची भिंत आत्यानं अंगणात पत्र्याखाली ठेवली. सरांची परदेशी नाटकं बघणं मात्र थांबलं. डिस्क कोणाला तरी देऊन टाकल्या.

मला नोकरी लागली, अकोल्यात जिल्ह्याच्या कचेरीत. लग्न झालं. दोन-तीन महिन्यांनी अमरावतीला चक्कर असायची, तेव्हा सरांकडे जायचे. प्रत्येक वेळी विचारायचे. कधी थेट, कधी आडून. ते दर वेळी तेच सांगायचे, चौघं. त्याच सपाट आवाजात. हा माणूस आयुष्यात खोटं बोलला नाही, आणि हा मला सांगतो की तिथं कोणी नव्हतं. एका उन्हाळ्यात तर मला खरंच शंका येऊ लागली. मुलगी पळाली असेल, भाऊ आला असेल, पण माझ्याशेजारी कोणी बसलं होतं का? आणि ती नव्हती, तर मग कोण होतं? अकोल्याच्या घरात दुपारी एकटी असले, की मी भिंतीकडे पाठ करून बसायचं टाळू लागले.

गेल्या वर्षी सर गेले. झोपेतच. मी पहिल्या बसनं अमरावती गाठली. दफन आटोपून आम्ही घरी आलो, माणसं पांगली, आणि स्वयंपाकघरात आत्या आणि मी दोघीच राहिलो. आत्यानं माझ्याकडे बघितलं.

"तू अजून इचार करत असशीन त्या दिवसाचा."

मी मान हलवली.

"त्या कुलपाची चाबी माह्याजवळ होती," आत्या म्हणाली. "मीच तिले आत बसवली, मीच काढली. मागच्या बोळीत ऑटो उभा केला होता. बडनेऱ्याले गाडीत बसवून दिली. तो पोरगा पुढच्या ठेसनावर होता."

मी खाली बसले.

"मंग सर मले बी नाई काहून म्हनले? मले तरी सांगायचं."

"एकाले हो म्हटलं की दुसऱ्याले नाई म्हनता येत नाही, म्हने. येक डाव खोटं बोललो तं आता पुरंच बोललं पाह्यजे." आत्यानं डोळे पुसले. "तुले आनखी येक सांगतो. त्या दिवसापासून तो प्रभुभोजनाची भाकर घ्यायले कधी पुढं गेला नाही. चर्चमंदी जाये, मागच्या बाकावर बसे, भाकरीची वेळ आली की बसूनच राहे. चर्चच्या पाळकानं इचारलं, काहून भाऊ? हा म्हने, मी देवाच्या घरात खोटं बोललो. पाळक म्हने, मंग पश्चात्ताप करा, मोकये व्हा. तं हा म्हने, तीच तं अडचन हाय. पश्चात्ताप होऊन नाही राह्यला."

बाहेर ओसरीवर अजून चार-दोन माणसं होती. त्यात त्या मुलीचा भाऊ होता. मी त्याला कबरस्तानातच ओळखलं होतं. केस पांढरे झाले होते. स्वतःच्या शेतातल्या झेंडूचा मोठा हार घेऊन आला होता, आणि तो हार घालताना सरांच्या चेहऱ्याकडे बराच वेळ बघत उभा होता. आधी मी त्याला चहा नेऊन दिला, तेव्हा तो म्हणाला होता, "माय गेली मागच्या साली. शेवटपावतर इचारे, पोट्टी जिती हाय का म्हनून. बस, तेवढंच मालूम झालं असतं तं." काका लोकही अजून जिवंत होते, त्यातला एक ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसला होता, त्या दिवसासारखाच ताठ.

आत्या बोलत होती, तेवढ्यात फळीवर ठेवलेला सरांचा मोबाइल वाजला. नाव नव्हतं, नुसता नंबर. आत्या दचकली.

"दरसाली येते," ती पुटपुटली. "ईस्टरच्या आगेमागे. कोनी बोलत नाही. तो कानाले लावून बसे मिनिटभर, अन् ठेवून देये. तू घे."

मी घेतला. पलीकडे कोणीतरी होतं. बारीक, दाबून धरलेला श्वास. मागं लांब कुठंतरी लहान मूल बोलत होतं.

"सर गेले," मी म्हटलं. "आज सकाळी माती दिली."

श्वास थांबला. मग त्या आवाजानं, जो मी आयुष्यात कधी ऐकला नव्हता, विचारलं, "मी येऊ काय?"

स्वयंपाकघराच्या दारातून मला ओसरी दिसत होती. भावाच्या हातात कप होता. त्याच्या पलीकडे काका. भाऊ एकटा असता तर, असं मला वाटून गेलं. त्याच्या आईचंही वाटलं. एवढं वाटायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ मी गप्प होते, आणि पलीकडची गप्प होती.

"अजून नको," मी हळू म्हटलं. "हा नंबर मी लिहून ठेवते. मी करीन." आणि फोन ठेवला.

नंबर मी आत्याच्या वहीच्या मागच्या पानावर लिहिला, पान फाडून ब्लाउजमध्ये ठेवलं आणि रिकामे कप घ्यायला ओसरीवर गेले. भावानं मान वर केली. त्याला रिंग ऐकू गेली होती.

"कोनाचा फोन होता ताई?"

"कंपनीचा," मी म्हटलं. "रिचार्ज संपत आला म्हनते."

त्यानं मान डोलावली आणि कप माझ्या हातात दिला.